मारणे नव्हे, परतवणे

चातुर्मासात पुण्यात डास वाढतात आणि प्रत्येक जैन घरात तोच पेच उभा राहतो: जीवहिंसा टाळायची, तर मुलांना डेंग्यूपासून वाचवायचे कसे?

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील कीटकशास्त्रज्ञांनी वनस्पतितेलांचा डासांवरील परिणाम अभ्यासला आहे. या विषयात एक भेद फार महत्त्वाचा. काही तेले अळ्यांचा नाश करतात, काही डासाला केवळ दूर ठेवतात. वेष्टनावर मात्र दोन्ही ‘वनस्पतिजन्य’च! व्यापारी बांधवांनी तरी माल भरताना हे विचारून घ्यावे.

गवती चहाच्या कुळातील सिट्रोनेला तेल डासाला परतवते, पण लवकर उडून जाते. लिंबू-निलगिरीच्या तेलापासून मिळणारे पीएमडी हे संयुग अधिक टिकते. तीन वर्षांखालील मुलांना मात्र ते लावू नये. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत खोबरेलात मिसळलेल्या २ टक्के कडुलिंब तेलाने अ‍ॅनोफिलिस डासांना रात्रभर दूर ठेवले. तो हिवतापाचा डास. डेंग्यूचा एडिस दिवसा, दुकानाच्या गल्ल्यापाशीही चावतो. त्याची मादी साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. म्हणून पिंप, हंडे आधीपासूनच घट्ट झाकलेले असावेत.