डोलीचे तीन मुक्काम

माळव्यातील मराठी घरांना केदारनाथ परका नाही. देवी अहिल्याबाई होळकरांनी हिमालयातील धामांच्या वाटेवर धर्मशाळा व कुंडे बांधविली, अशी नोंद आहे. आणि इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर येथील जुन्या घरांतून ‘आजोबा बद्रीकेदार करून आले होते’ ही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत अभिमानाने सांगितली जाते. त्या काळी यात्रेस निघालेला गृहस्थ व्यवहाराची निरवानिरव करूनच उंबरठा ओलांडीत असे. परत आला तर गंगापूजन, न आला तर त्याची इच्छा.

आज ती स्थिती राहिलेली नाही, हे उत्तमच झाले. इंदुराहून निघालेला मनुष्य तिसऱ्या दिवशी केदारच्या पायथ्याशी पोहोचतो. ज्यांस चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर आहे. ते काही मिनिटांत वर नेऊन सोडते. मार्च २०२५ मध्ये तर केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ अशा सुमारे १२.९ किलोमीटर लांबीच्या रोपवेला मंजुरी दिली. तो पुरा झाला म्हणजे आठ-नऊ तासांची वाट छत्तीस मिनिटांवर येईल, असे सांगण्यात आले आहे. वृद्धांची व अपंगांची त्यामुळे सोय होईल, याविषयी शंका नाही. परंतु अंतर यंत्राने कमी करता येते, तशी उंचीही कमी करता येते काय? आमच्या घराने केदारच्या दोन यात्रा केल्या. त्या दोहोंतून या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांस मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम भूगोल ध्यानी घ्यावा. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे हिमालयाचे द्वार समजले जाणारे ऋषिकेश आपल्यापेक्षाही खाली! तेथून अलकनंदेच्या व पुढे मंदाकिनीच्या काठाने मोटार वळणे घेत चढते. गुप्तकाशी सुमारे १,३०० मीटरांवर, गौरीकुंड १,९८० मीटरांच्या आसपास आणि केदारनाथाचे मंदिर ३,५८३ मीटरांवर. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंतची पायवाट पूर्वी १४ किलोमीटरांची होती. जून २०१३ च्या प्रलयात चोराबारी हिमनदीजवळचा तलाव फुटला, रामबाडा ही वाटेवरील जुनी चट्टी समूळ वाहून गेली, आणि त्यानंतर मंदाकिनीच्या पलीकडच्या तीराने १६ किलोमीटरांची नवी वाट काढण्यात आली. या एका वाटेत यात्रेकरू सोळाशे मीटर चढतो, आणि बहुतेक जण ते एकाच दिवसात चढतात.

आमची पहिली यात्रा जून २०१८ मधली. आम्ही सहा जण होतो: आमचे थोरले बंधू, ज्यांस घरात सगळे दादा म्हणतात, वहिनी, आम्ही उभयता आणि दोन भाचे. दादांचे वय तेव्हा ६२. निवृत्तीनंतरही रोज पहाटे दीड तास चालण्याचा त्यांचा नेम होता. आयुष्यात त्यांनी कधी अंथरूण धरलेले आम्हांस आठवत नाही. आईने त्यांच्याजवळ ओंकारेश्वराच्या घाटावरून भरून आणलेल्या नर्मदेच्या पाण्याचा, तोंड झाळून बंद केलेला, लहानसा तांब्या दिला होता. ते पाणी केदारेश्वरास घालावे, ही तिची फार वर्षांची इच्छा. स्वतः जाण्याचे तिचे वय राहिले नव्हते.

प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम आटोपशीर होता. पहिला मुक्काम ऋषिकेश, दुसरा गुप्तकाशी, तिसरा थेट केदारनाथ. दादा नऊ तासांत सोळा किलोमीटर चढून आले. भाच्यांच्याही पुढे होते. वर पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. बर्फाच्छादित शिखरांच्या पार्श्वभूमीवर मंदिर दिसले आणि सहाही जणांचे हात आपोआप जोडले गेले. दर्शनाची रांग लांब होती, म्हणून पहाटे स्नान करून उभे राहावे असे ठरले.

दादांचे डोके मात्र दुखत होते. ‘थंडीने असेल’ असे म्हणून त्यांनी मफलर आवळला. जेवणास बसले, पण खिचडीचे दोन घास घेऊन ताट सरकवले. अन्न टाकणे ज्यांस कधी ठाऊक नाही, त्यांनी ताट सरकवावे, हे वहिनींच्या ध्यानात आले. रात्री दोनदा वांती झाली. तीनच्या सुमारास ते उठून बसले आणि बूट घालू लागले. नाडी बांधता बांधेना. वहिनींना त्यांनी आमच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. त्या हाकेने आमची झोप पार उडाली.

यात्रेकरूंसाठी उघडलेल्या औषधोपचार केंद्रात एक तरुण डॉक्टर जागे होते. त्यांनी दादांच्या बोटाला प्राणवायू मोजण्याचे उपकरण लावले, दोन-चार प्रश्न विचारले आणि मग एक साधीच गोष्ट करावयास सांगितली. फरशीच्या रेघेवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावीत, दहा पावले चाला. दादा तिसऱ्या पावलाला कलंडले. डॉक्टरांनी प्राणवायूची नळी लावली, इंजेक्शन दिले आणि आम्हांस बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले: मेंदूला सूज येऊ लागण्याची ही लक्षणे आहेत, येथे जे करता येईल ते मी केले, खरे औषध खाली उतरणे हेच आहे, आणि उजाडण्याची वाट पाहू नका.

डंडी वाहणारे चार गढवाली गडी मिळाले. साडेचारच्या सुमारास, पूर्वेला फटफटत असता, आम्ही निघालो. मंदिरापुढे रांग लागली होती, घंटा वाजत होती. दादा डंडीतून अर्धवट शुद्धीत पुटपुटत होते, “अरे, कळस दिसतोय. पाच मिनिटं थांबा. आईचं पाणी...” आमचे पाय खरोखरच अडखळले. आईला काय सांगणार, हा विचार आमच्याही मनात होता. त्या वेळी वहिनी म्हणाल्या, “भावोजी, देव कुठं जात नाही. ह्यांना आधी खाली न्या.” त्यांनी चालता चालता शिखराकडे पाहून हात जोडले आणि डंडीवाल्यांस पुढे होण्यास सांगितले.

जसजसे उतरू लागलो, तसतसा दादांच्या बोलण्यात धरबंध येऊ लागला. निम्म्या वाटेवर त्यांनी पाणी मागितले. दुपारी गौरीकुंडात पोहोचल्यावर चहा मागितला आणि वहिनींना त्यांच्या नावाने हाक मारली. खालच्या रुग्णालयात दोन दिवस देखरेखीखाली राहून आम्ही परतलो. तांब्या तसाच झाळलेला होता. आईने तो देवघरात ठेवला आणि दादांच्या पाठीवरून हात फिरवला. यात्रेविषयी तिने एक अक्षरही विचारले नाही.

असे का घडले? उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक प्रमाण तेच, शंभरात सुमारे एकवीस भाग. कमी होतो तो हवेचा दाब. केदारच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणून तेथील प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू एक-तृतीयांशाने कमी मिळतो. याच कारणाने तेथे पाणीही लवकर, सुमारे ८८ अंश सेल्सिअसलाच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. शरीर या तुटीशी जुळवून घेऊ शकते. श्वास व नाडी जलद होतात, मूत्रपिंडे रक्तातील क्षाराचा समतोल बदलतात, आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. पण हे सारे सवडीने होते. साधारणतः अडीच हजार मीटरांच्या वर, घाईने चढणाऱ्यास डोकेदुखी, मळमळ, ग्लानी, निद्रानाश हे प्रकार काही तासांतच सुरू होतात. बहुतेकांचे ते विश्रांतीने ओसरतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र फुप्फुसात पाणी साठते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग घटका मोजण्याची वेळ येते. तारुण्य, व्यायाम, निर्व्यसनीपणा यांपैकी कशाचेही कवच येथे चालत नाही. उलट, धडधाकट मनुष्य वेगाने चढतो आणि दुखणे अंगावर काढतो, म्हणून त्यालाच अधिक जपावे लागते.

डॉक्टरांच्या पुस्तकातील नियम असा आहे: तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विसावा घ्यावा. हा नियम वाचल्यावर आम्हांस जुन्या यात्रेकरूंची आठवण झाली. मोटाररस्ता होण्यापूर्वी ते ऋषिकेशापासून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपासची वाट पायी चालत. काही कोसांवर चट्टी असे. तेथील दुकानातून शिधा घेतला की राहण्यास जागा व रांधण्यास भांडी फुकट मिळत. बाबा काली कमलीवाल्यांच्या धर्मशाळाही त्याच वाटेवर उभ्या राहिल्या. त्या मंडळींस हवेच्या दाबाचे गणित ठाऊक नव्हते. थंडी, महामारी, दरडी यांनी त्यांतील पुष्कळ जण दगावले, तेव्हा जुने ते सारे सोने असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पंधरा-वीस दिवसांच्या त्या चालीत त्यांचे शरीर न कळत उंचीला सरावत असे, हे खरे.

दुसरी यात्रा आम्ही जून २०२३ मध्ये केली. आई तोवर निवर्तली होती. तांब्या देवघरातच होता, आणि दादांचे मन त्यात अडकले होते. एकदा असा आजार झालेल्यास तो पुन्हा होण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या, त्यांनी घालून दिलेल्या अटी व औषधे कागदावर लिहून घेतली, आणि कार्यक्रम आमचा आम्हीच आखला. ऋषिकेशात एक रात्र, रुद्रप्रयागास एक, ऊखीमठात दोन.

ऊखीमठ हे केदारनाथाचे हिवाळ्यातील स्थान. भाऊबीजेला मंदिराची दारे मिटली की देवाची उत्सवमूर्ती येथील ओंकारेश्वर मंदिरात येऊन राहते. केदारनाथाचे रावळ कर्नाटकातील वीरशैव परंपरेतून येतात, हे बेळगावकडील वाचकांस ऐकून बरे वाटेल. वसंतात देवाची डोली येथून पुन्हा वर निघते. आम्हांस तेथे तिचा क्रम कळला: पहिली रात्र गुप्तकाशी, दुसरी फाटा, तिसरी गौरीकुंड, चौथ्या दिवशी केदारनाथ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारे उघडतात. दादा हे ऐकत होते. ते हसून म्हणाले, “देवाला तीन मुक्काम लागतात, आणि आपण एका दमात निघालो होतो!”

आम्ही पुढे गौरीकुंडात राहिलो, आणि तेथून चढून केदारच्या अलीकडे सुमारे पाच किलोमीटरांवर, लिंचोली येथे तंबूत रात्र काढली. दादा सावकाश चालत, दर अर्ध्या तासाने बसत, घोटघोट पाणी पीत. मागून येणारी तरुण मंडळी त्यांस ओलांडून जात, त्याचे त्यांस काही वाटत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंदिर गाठले. डोके दुखते का, असे वहिनींनी वाटेत किती वेळा विचारले त्याची गणती नाही. दर्शन झाले. पुजाऱ्यांनी तांब्याची झाळ फोडून नर्मदेचे पाणी वाहिले. मुक्कामास न थांबता आम्ही दुपारीच लिंचोलीस उतरलो. दिवसा उंच जावे व रात्री खाली झोपावे, ही डॉक्टरांची अट होती.

यात्रेचा हंगाम आला की आमच्याकडे विचारणा होते, म्हणून चार गोष्टी नमूद करतो. २०२२ साली चारधाम यात्रेच्या पहिल्या महिन्याभरातच शंभराच्या आसपास यात्रेकरू दगावले, आणि त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचे कारण हृदयविकार असे सांगण्यात आले. यास्तव रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी प्रकृती तपासून घ्यावी. उंचीवरच्या त्रासासाठी ज्या गोळ्या मिळतात त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. झोपेच्या गोळ्या व मद्य वर्ज्य. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी पायथ्याकडील गावांत दोन रात्री आधी काढाव्यात आणि शक्य तर त्याच दिवशी खाली यावे. चालण्याचे श्रम वाचले तरी उंचीची चढ वाचत नाही. डोके दुखू लागले तर आणखी वर चढू नये. विश्रांतीने बरे वाटले नाही, बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात विसंगती आली, तर रात्र असो वा दिवस, मिळेल त्या साधनाने उतरावे. आणि बरोबरीच्या माणसाने हे ओळखावे. कारण ज्यास त्रास होतो, त्याची विवेकबुद्धीच आधी मंदावते.

रोपवे होईल, तेव्हा आमच्याही घरातील वृद्ध त्यात बसतील. वेळ वाचवावयाचा तर खुशाल वाचवावा. पण वाचलेल्या वेळातले दोन दिवस गुप्तकाशीस किंवा ऊखीमठास द्यावेत. तेथेही देवळे आहेत, मंदाकिनी आहे, समोर चौखंबा आहे. घरातून निघताना मात्र एक गोष्ट सर्वांनी मिळून ठरवून ठेवावी: वेळ आलीच तर दर्शनावाचून परतावयाचे, आणि परतलेल्यास कोणी उणे बोलावयाचे नाही. आमच्या आईने ते केले, म्हणून दादांस पाच वर्षांनी पुन्हा जाता आले.