पहिलं ऑइल

चेंबरखालचा बोल्ट शेवटच्या आट्यावर आला की मेकॅनिक हात झटकन मागे घेतो. ऑइल गरम असतं, बोट भाजतं. आधी जाड धार पडते, मग ती बारीक होते आणि नंतर बराच वेळ ठिबकत राहते. कोल्हापुरात उद्यमनगरच्या अलीकडच्या एका गॅरेजात मी हे काम बघत बसले होते. शेजारी शेजारी दोन ट्रे होते. एकात चार वर्षं जुन्या स्कूटरचं ऑइल, काळंकुट्ट आणि मेलेलं. दुसऱ्यात सातशे किलोमीटर चाललेल्या नव्या स्कूटरचं पहिलं ऑइल. ते काळं नव्हतं, चहाच्या रंगाचं होतं. पण ट्रे उजेडाकडे कलता केला की त्यात चंदेरी झाक हलायची.

मेकॅनिकनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि त्या नव्या ऑइलमध्ये बुडवून फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा पिशवीला राखाडी लव चिकटलेली होती. ती त्यानं माझ्या बोटावर पुसली.

“ताई, चोळून बघा. चरचर लागतंय का? न्हाई लागत. इतकं बारीक हाय ते. म्हणूनच जाळीत घावत न्हाई.”

नव्या स्कूटरचं पहिलं ऑइल कधी बदलायचं, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. ती जाळी खूप जणांनी पाहिलेलीच नसते. मोटारीत ऑइल गाळायला कागदी फिल्टर असतो, बऱ्याच मोटरसायकलींत असतो, काही स्कूटरमध्येही असतो. पण रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये असते ती फक्त तारेची एक छोटी जाळी. पॅकिंगचा तुकडा, गॅस्केटचं गोंद, एखादा मोठा कण एवढंच ती अडवते. पिठासारखा बारीक कीस तिच्यातून आरपार जातो आणि पंप तो ऑइलबरोबर पुन्हा बेअरिंगांवर, कॅमवर, पिस्टनवर नेऊन टाकतो. तो कीस बाहेर काढायचा एकच मार्ग आहे: ऑइलच बाहेर काढणं.

हा कीस येतो कुठून हे बघायला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरात बोअरिंगची वर्कशॉप्स आहेत. जुन्या इंजिनाचा ब्लॉक तिथं येतो, ॲल्युमिनियमच्या आत बसवलेली बिडाची स्लीव्ह आतून मोठी केली जाते आणि शेवटी तिच्यात होनिंगचे दगड फिरवले जातात. दगड गोल फिरता फिरता वर-खाली होत असतात, त्यामुळे आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा उमटतात. मला वाटत होतं की बोअर आरशासारखा गुळगुळीत असायला हवा. तिथल्या कारागिरानं ब्लॉक उजेडासमोर धरून त्या रेघा दाखवल्या. गुळगुळीत भिंतीवर ऑइल ठरत नाही, रेघांत ते धरून राहतं. कारखान्यातून येणाऱ्या नव्या इंजिनातही अशाच रेघा असतात. त्यांचे कंगोरे सुरुवातीला धारदार असतात, पिस्टनच्या रिंगाही नव्या असतात, आणि पहिल्या काही शे किलोमीटरांत रिंगा ते कंगोरे घासून घासून आपली जागा करून घेतात. जात्याला नव्यानं टाकी लावली की पहिल्या दळणात कच येते आणि ते पीठ कुणी खात नाही. इंजिनाचं पहिलं दळण या ऑइलमध्ये उतरतं.

घासणं किती होतं याचा अंदाज घ्यायचा तर स्कूटर नुसती उभी असतानाचा हिशेब करावा. सिग्नलला थांबलेली ११० सीसीची स्कूटर मिनिटाला साधारण १७०० फेरे घेते. तासभर तशीच उभी राहिली तर लाखाच्या वर फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो. धावताना हा आकडा कितीतरी वाढतो. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. तेवढ्या फटीत कीस मिसळलेलं ऑइल किती दिवस फिरू द्यायचं?

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पहिल्या सर्व्हिसिंगचा आकडा ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असतो. त्याच्याच पुढे महिन्याच्या आसपासची मुदत असते आणि शेवटी चार शब्द असतात, ‘जे आधी होईल ते’. लोकांच्या लक्षात किलोमीटर राहतात, मुदत राहत नाही. माझं ठाम मत असं झालं आहे की गावातल्या गावात चालणाऱ्या स्कूटरसाठी या दोन्हींत मुदतच जास्त महत्त्वाची आहे.

त्याच दुपारी गॅरेजात एक शिक्षिका आल्या. स्कूटर पाडव्याला घेतलेली, आणि आषाढाचा पाऊस सुरू होता. काट्यावर किलोमीटर होते ३८०. घर ते शाळा दोन किलोमीटर, येताना मंडई.

“हजार झाले की आणायची म्हणून थांबले होते,” त्या म्हणाल्या.

मेकॅनिकनं काही न बोलता डिपस्टिक फिरवून बाहेर काढली. टोकाला ऑइल होतं, पण वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट दुधाळ साय धरली होती. ती त्यानं त्यांना दाखवली. “मॅडम, गाडी कमी चालली म्हणून ऑइल चांगलं ऱ्हायलं असं न्हाई. गाडी तापायच्या आधीच तुमची शाळा येतीया.”

ते पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातली बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडी मात्र रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरते, आणि रिंगा अजून नीट बसलेल्या नसतील तर जरा जास्तच उतरते. इंजिन व्यवस्थित तापलं तर ही वाफ ऑइलमधून उडून जाते. दोन किलोमीटरांत इंजिन तापत नाही, वाफ थंड भिंतीवर धरते आणि ऑइलमध्ये मिसळते. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं पेट्रोलही खाली झिरपतं. म्हणजे या शिक्षिकांच्या स्कूटरमध्ये तीन महिने कीस, पाणी आणि पेट्रोल यांचं मिश्रण फिरत होतं, आणि काट्याकडे बघून त्यांना वाटत होतं की अजून वेळ आहे. रोज कागलच्या एमआयडीसीला जाऊन येणाऱ्या माणसाची स्कूटर महिन्याभरात हजार ओलांडते, तिचं इंजिन रोज नीट तापतं. तिला किलोमीटरचा हिशेब पुरतो. शिक्षिकांच्या स्कूटरला कॅलेंडर लागतं. कुपनाची मुदतही एव्हाना टळून गेली होती. त्या कुपनात फुकट असते ती मजुरी. ऑइलचे पैसे पहिल्या सर्व्हिसिंगलाही द्यावेच लागतात. म्हणून पैशांपेक्षा वॉरंटीसाठी ती तारीख पाळायला हवी.

उलट टोकाची माणसंही येतात. गाडी शोरूममधून काढून दोन दिवस झाले, शे-सव्वाशे किलोमीटर झाले की लगेच सगळं ऑइल सोडून महागडं सिंथेटिक भरायचं म्हणतात. त्यामागची काळजी खरी असते. लवकर बदलल्यानं इंजिनाचं नुकसानही होत नाही. पण रिंगा बसायचं काम तेव्हा अर्धंमुर्धंच झालेलं असतं. उरलेला कीस त्या महागड्या ऑइलमध्ये उतरतो आणि पुस्तिकेतल्या आकड्याला तेही सोडून द्यावं लागतं. मेकॅनिक अशांना परत पाठवतो. मला त्याचं बरोबर वाटतं. पुस्तिकेत जो पल्ला दिला आहे त्याच्या अलीकडच्या टोकाला गाडी आणावी, आणि ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेच टाकावं.

ऑइलच्या बाबतीत एक समज फार घट्ट आहे: जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल. घरात जुनी मोटरसायकल असेल तर तिचं उरलेलं २०डब्ल्यू-४० स्कूटरला टाकायला निघतात. आजच्या बऱ्याच स्कूटरना १०डब्ल्यू-३० लागतं, कारण तेवढ्या बारीक फटींत सकाळी पहिल्याच सेल्फला ऑइल पोहोचायला हवं. बाटलीवर आणखी दोन अक्षरंही बघावीत. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, तो घसरू नये म्हणून तिच्या ऑइलवर जासो एमए लिहिलेलं असतं. स्कूटरचा क्लच मागच्या चाकापाशी, बेल्टच्या कव्हरमध्ये कोरडा असतो. त्याला ऑइलचा संबंधच येत नाही. म्हणून स्कूटरचं ऑइल कमी घर्षणाचं बनवता येतं आणि त्यावर जासो एमबी असतं.

घरातल्या थोरल्यांचा सल्ला इथं थोडा गोंधळात टाकतो. त्यांची पहिली स्कूटर बहुधा चेतक. आकुर्डीच्या बजाज ऑटोनं १९७२ साली आणलेली ती गाडी टू-स्ट्रोक होती. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला २० मिलिलिटर, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडात या ऑइलची, म्हणजे टू-टीची, वेगळी टाकी होती, पण जळायचं तेही. सोडायला इंजिन ऑइल नव्हतंच, होतं ते गिअरचं. ‘नवी गाडी जोरात ताणू नको, घाटात चढवू नको’ हा त्यांचा सल्ला आजही उपयोगाचा आहे. पहिल्या हजारात मूठ पूर्ण पिळू नये, एकाच वेगानं तासन्तास चालवू नये, डबल सीट बसून पन्हाळ्याची चढण टाळावी. पण पहिलं ऑइल बदलायची सवय त्या गाड्यांनी कुणाला लावलीच नाही. ती २००१ मध्ये ॲक्टिव्हा आल्यानंतरच्या फोर-स्ट्रोक स्कूटरांबरोबर आली.

शिक्षिकांच्या स्कूटरचं काम सुरू झालं. पाऊस चुकवून ती आत घेतली, मेन स्टँडवर लावली आणि चार-पाच मिनिटं चालू ठेवली. गरम ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन निघतं. आधी डिपस्टिक सैल केली, म्हणजे वरून हवा जाऊन धार सलग पडते. मग बोल्ट. जाळी काढताना तिच्यामागची स्प्रिंग उडून ट्रेमध्ये पडते, ती मेकॅनिकनं न बघता हातानं चाचपून काढली. जाळीवर काळ्या पॅकिंगचे दोन-तीन तुकडे अडकले होते. पेट्रोलमध्ये धुऊन तिला हवा मारली. बोल्टला नवा वायसर घातला. या बोल्टपाशी मी मुद्दाम थांबले, कारण इथंच घाईत सगळ्यात जास्त नुकसान होतं. चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. लांब पान्यानं जोर लावून आवळला की चेंबरचे आटे जातात आणि पाऊण लिटर ऑइलच्या कामाचं लेथवरचं काम होऊन बसतं. त्यानं बोल्ट हातानं शेवटपर्यंत फिरवला आणि मग पान्यानं बेताचा ताण दिला.

नरसाळ्यातून ऑइल ओतलं, गाडी चालू केली, बंद केली आणि दोन-तीन मिनिटं थांबला. डिपस्टिक पुसून आटे न फिरवता नुसती टेकवली आणि बघितली. खुणेच्या वर तो थेंबभरही जाऊ देत नाही. ऑइल जास्त झालं की क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि ते एअर फिल्टरच्या डब्यात येतं. बाटलीत उरलेलं थोडं त्यानं झाकण लावून शिक्षिकांच्या हातात दिलं.

“आता पुढचं कधी? किती किलोमीटरला?” त्यांनी विचारलं.

“किलोमीटर सोडा मॅडम. तुमचं दिवाळीला. आणि एकदा रविवारी गाडी जोतिबापर्यंत न्हेऊन आणा, जरा तापू दे तिला. पण एकट्याच जावा, मागं कोण नको.” मग मागच्या चाकाजवळचा छोटा बोल्ट दाखवून म्हणाला, “हे गिअरचं ऑइल. शंभर-सव्वाशे मिलि असतंय. ते येगळं असतंय, तेबी तवाच बघू.”