‘होईल’ की ‘होईलच’? इंग्रजीत कसं सांगाल?

बोईसर स्टेशनहून नवापूरकडे जाणाऱ्या रिक्षात बसलं की भविष्यकाळ फुकट ऐकायला मिळतो. बुलेट ट्रेनचं स्टेशन आलं की बोईसर मोठं शहर होईल, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘होईलच!’ तिसरा नुसतंच ‘होईल बहुतेक’ म्हणून बाहेर बघतो. कुणाला किती खात्री आहे, ते आपल्याला लगेच कळतं. मराठीत एका ‘च’वर भागतं.

इंग्रजीकडे हा ‘च’ नाही. ‘बोईसर विल बिकम अ बिग सिटी’ या वाक्यात कधी, कसं आणि किती खात्रीने हे काहीच नाही. ते काम क्रियाविशेषणाचं. ‘डेफिनेटली’ म्हणजे होईलच. ‘प्रॉबेबली’ म्हणजे बहुतेक. ‘सून’ म्हणजे लवकरच, ‘ग्रॅज्युअली’ म्हणजे हळूहळू. आणि ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी होईल, पण तारीख विचारू नका!

आता हे शब्द बसवायचे कुठे? मराठीत ‘बहुतेक’ वाक्याच्या सुरुवातीला, मधे, शेवटी कुठेही चालतं. इंग्रजीत सगळ्यात सुरक्षित जागा ‘विल’ आणि ‘बिकम’च्या मधली: ‘बोईसर विल प्रॉबेबली बिकम अ बिग सिटी’. ‘विल बिकम प्रॉबेबली’ कानाला खटकतं. नकार असेल तर मात्र ‘प्रॉबेबली’ आधी येतं: ‘इट प्रॉबेबली वोन्ट बिकम अ बिग सिटी’.

दुसरी गडबड ‘ली’ची. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं आणि त्याबद्दल मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. समजा, ग्रुप डिस्कशनमध्ये हा विषय निघाला. तिथे ‘द वॉटर विल बिकम क्लीनली’ म्हणू नका. ‘स्वच्छ’ हे पाण्याचं वर्णन आहे, म्हणून ‘बिकम’नंतर विशेषणच हवं: ‘क्लीन’. ‘हळूहळू’ हे मात्र होण्याच्या क्रियेचं वर्णन आहे, म्हणून ‘द वॉटर विल ग्रॅज्युअली बिकम क्लीन’ बरोबर. व्याकरणाने ‘सून’ही चालेल आणि ‘इव्हेंच्युअली’ही. पण रोज जाळं टाकणाऱ्याला या दोन शब्दांतला फरक व्याकरणाचा वाटणार नाही.

बातम्या वाचतानाही हेच लक्षात ठेवा. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं, खर्चाचा अंदाज सुमारे ७६,२०० कोटी रुपये. पूर्ण झाल्यावर ते जगातल्या पहिल्या दहा बंदरांत असेल, असा सरकारचा दावा आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. अशा विषयावर इंग्रजीत लिहिताना ‘विल सर्टनली बिकम’ लिहिलंत तर खात्री तुम्ही दिलीत. ‘विल प्रॉबेबली बिकम’ लिहिलंत तर तो तुमचा अंदाज झाला. खात्री ज्याची, त्याच्या नावावर टाकायची असेल तर ‘अकॉर्डिंग टू द गव्हर्नमेंट’ आधी लिहा.

हा फरक सगळ्यात जास्त खिशाला लागतो तो नोकरीत. उद्या एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागाल, पत्र इंग्रजीत येईल. ‘द पोस्ट विल ऑटोमॅटिकली बिकम पर्मनंट आफ्टर वन इयर’ म्हणजे वर्ष भरलं की जागा आपोआप कायम. ‘द पोस्ट मे इव्हेंच्युअली बिकम पर्मनंट’ म्हणजे झाली तर झाली, तीही कधीतरी. ‘पर्मनंट’ शब्द दोन्हीकडे आहे आणि घरी पेढे आणायला तेवढा पुरतो. पण सही करण्याआधी त्याच्या मागचे दोन शब्द वाचा. तिथे ‘इव्हेंच्युअली’ दिसलं तर एचआरला न लाजता विचारा: ‘बाय व्हेन, सर?’ आणि जे उत्तर मिळेल, ते लेखी मागा.