धुळवडीला मटण नको म्हणणारा मित्र

धुळवड म्हणजे कोल्हापुरात मटण. कागलही त्याला अपवाद नाही. सकाळी दुकानापुढं रांग, दुपारी तांबडा-पांढरा. अशा दिवशी ग्रुपमधल्या एखाद्या ख्रिस्ती मित्रानं वाटी बाजूला सारली, तर लगेच ‘काय भावा, पोट बिघडलंय काय?’ असं विचारू नका. त्याचा लेंट चालू असेल.

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ. यंदा तो १८ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी सुरू झाला. ईस्टर ५ एप्रिलला. मोजलंत तर दिवस भरतात ४६, आणि सगळे म्हणतात चाळीस! गोम अशी, की मधले सहा रविवार धरत नाहीत. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास कसला? चाळीसचा आकडा येशूनं अरण्यात केलेल्या उपवासावरून आला.

उपवास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं साबुदाण्याची खिचडी. इथं तसं ठरलेलं ताट नाही. कुणी मटण-मासे सोडतं, कुणी एक वेळचं जेवण, कुणी चहा. आता रील्स सोडणारेही आहेत. वाचलेले पैसे गरजूसाठी बाजूला ठेवायचे, हा त्याचाच भाग. बऱ्याच घरांत या दिवसांत लग्न काढत नाहीत. संध्याकाळी आळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थना होते.

आता एक गंमत. कोल्हापुरात १८५२ साली आलेले रॉयल वायल्डर हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी. शहरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. या पंथाची मुळं स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेत. आणि तिथं, झुरिकमध्ये, १५२२ साली काही जणांनी ऐन लेंटमध्ये सॉसेज खाऊन बंड केलं होतं! उपवासाची सक्ती बायबलमध्ये कुठाय, हा त्यांचा सवाल. त्या परंपरेतल्या इथल्या घरांत आज मटण आपखुशीनं सोडलं जातं. मला तर हे सक्तीपेक्षा अवघड वाटतं. बघणारं कुणी नाही, विचारणारं कुणी नाही, आणि रश्शाचा वास थेट नाकात.

मग तो सांगत का नाही? एक कारण धर्मातलंच : उपवासाचा देखावा करू नका, असं येशूनं शिष्यांना बजावलंय. दुसरं कारण आपल्या बाजूचं. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कन्व्हर्ट कधी झालास?’ पणजोबांपासून इथंच वाढलेल्या पोरानं याचं उत्तर किती वेळा द्यायचं?

यंदा तर १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली आणि चार-पाच दिवसांच्या आत लेंट अन् रमजान दोन्ही लागले. एकाच मेसमध्ये तीन तऱ्हेचे उपवास! मेसवाल्या काकूंना विचारा, त्यांना सगळं पाठ असतं.

आणि हो, ३ एप्रिलला ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवू नका. तो येशूच्या मरणाचा दिवस. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये त्यानं क्रुसावर उच्चारलेल्या सात वाक्यांवर मनन चालतं. फोन त्या वेळी बंदच असेल. शुभेच्छा रविवारी द्या. त्या दिवशी पहाटेची उपासना आटोपून तो घरी येईल, चुलीवर मटण असेल, आणि वाटी तुमच्यापुढं सरकवायची पाळी त्याची.