पाच मिलिमीटरांचा हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, जेथे लहानमोठ्या कारखान्यांतून व्हीएमसी यंत्रे रात्रपाळीतही चालू असतात, तेथे ड्रॉइंगवर पाच मिलिमीटर खोलीचे पॉकेट मागितलेले असताना जॉबवर ते कमीअधिक भरले, म्हणजे पहिला संशय प्रोग्रामवर जातो, आणि झेडपुढचा आकडा बदलून वेळ निभावली जाते. या उपायाला माझा स्पष्ट विरोध आहे. कारण प्रोग्रामातला आकडा ड्रॉइंगशी रुजू असला पाहिजे, आणि त्यात एकदा असा फेरफार झाला की खरे माप कोणते आणि तात्पुरती डागडुजी कोणती, याचा पुढच्या पाळीतल्या माणसाला थांगपत्ता लागत नाही.

वास्तविक टूलचे टोक कोठे थांबावे हे यंत्र एका आकड्यावरून ठरवीत नाही. जी५४ च्या खाती नोंदलेले जॉबचे शून्य, जी४३ या आज्ञेने उचललेली टूलची लांबी, झिजेपोटी केलेली काही मायक्रॉनांची दुरुस्ती आणि सरतेशेवटी प्रोग्रामातला झेड, या सर्वांची बेरीज होऊन स्पिंडल खाली उतरतो. यांपैकी कोणतीही नोंद चुकली तरी डोळ्यांना दिसते ती चुकलेली खोलीच. म्हणून मूळ कसूर शोधताना चूक किती आहे याइतकेच ती कशी वागते हेही पाहावे. सर्व टूलांची खोली सारख्याच फरकाने चुकत असेल तर जॉबचे शून्य तपासावे. एकाच टूलची चुकत असेल तर त्या टूलची लांबी. टी५ चालू असताना मागच्या ओळींची नक्कल करण्याच्या ओघात लांबीची नोंद दाखवणारा एच४ तसाच राहून गेला, तर पाचवे टूल चौथ्यापेक्षा जेवढे लांब तेवढे ते जॉबमध्ये अधिक घुसते.

फरकाचा आकडाही पुष्कळदा स्वतःच साक्ष देतो. खोली नेमकी दहा मिलिमीटर कमी आली, तर टूल टेकवताना खाली सरकवलेली दहाची पिन हिशेबातून वजा करायची राहिली, असे बहुधा निघते. सर्वच मापांत पंचवीसपटीचा घोळ झाला असेल, तर इंच आणि मिलिमीटर यांची अदलाबदल झालेली असते. फानुक नियंत्रकाच्या प्रचलित रचनेत टिंब न देता उणे पाच लिहिले, तर यंत्र ते पाच मायक्रॉन समजते आणि टूल पृष्ठभागाला जेमतेम शिवून परत फिरते. एक पॅरामीटर बदललेल्या दुसऱ्या यंत्रावर मात्र तोच मजकूर पाच मिलिमीटरांचा ठरतो. ड्रिलच्या बाबतीत तर दोष कोणाचाच नसतो: ११८ अंशांच्या दहा मिलिमीटर ड्रिलचे टोकच सुमारे तीन मिलिमीटर असल्यामुळे, टोकापर्यंत वीस सांगितल्यास पूर्ण व्यासाचे भोक सतराच भरते.

सर्वांत फसवी चूक ती, जी काप चालू असताना वाढत जाते. एंडमिलच्या पिळाचा रोख बर वर फेकण्याचा असतो आणि त्याची प्रतिक्रिया टूलला खाली ओढते. कॉलेट झिजलेला असला, शँकवर तेलाचा थर राहिला किंवा नट पुरेसा आवळलेला नसला, तर टूल कणाकणाने खाली सरकते आणि पॉकेटचा तळ सुरुवातीस उथळ व शेवटी खोल असा उतरता होतो. अशा वेळी या नोंदींचे, म्हणजे ऑफसेटचे, पान कितीही वाचले तरी तेथे काही सापडत नाही. शँक कॉलेटमध्ये शिरतो तेथे मार्करने एक बारीक रेघ ओढावी. काप संपल्यावर रेघ आणि कॉलेटचे तोंड यांत फट दिसली, तर वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.

जॉबागणिक खोली बदलत असेल तर वाइसकडे वळावे. पॅरललखाली अडकलेली एखादी बर जॉबला उचलते, आणि जॉब उचलला तेवढा काप खोल जातो. कच्च्या पृष्ठभागावर शून्य धरले असेल तर मालाच्या जाडीतला फरक तसाच खोलीत उतरतो. तेथे शून्य खालून, पॅरललवरून धरणे श्रेयस्कर. सकाळच्या आणि दुपारच्या जॉबांतला काही मायक्रॉनांचा फरक उष्णतेचा असतो: शंभर मिलिमीटर पोलाद दहा अंशांनी तापले की सुमारे बारा मायक्रॉन वाढते.

अर्थात या सर्वांच्या आधी मापाचीच शहानिशा झाली पाहिजे, कारण काठावर उभी राहिलेली कड न घासता त्यावर डेप्थ गेज टेकवला तर नसलेली खोली दिसते. आणि नवा प्रोग्राम चढवताना, जॉबला हात लावण्यापूर्वी, फीड पूर्ण कमी ठेवून जी५४, जी४३ व त्या टूलचा एच यांसह झेड शंभर एवढीच आज्ञा एमडीआयमध्ये, म्हणजे हाताने आज्ञा भरण्याच्या मोडमध्ये, द्यावी आणि टूलचे टोक व जॉबचे शून्य यांतले अंतर पोलादी पट्टीने मोजावे. ते शंभर भरले नाही, तर सायकल स्टार्टला बोट न लावता आधी ऑफसेटचे पान उघडावे.