गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन विचारलेला प्रश्न

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजार समितीच्या आवारात पहाटे उभं राहावं. टोमॅटोचे क्रेट, कोथिंबिरीच्या जुड्या, पाण्याचे जार, घर बदलणाऱ्यांची कपाटं असं सगळं ज्या छोट्या मालगाडीवर चढतं, तिचं कागदोपत्री नाव ‘टाटा एस’. पण ते उच्चारणारा माणूस शोधावा लागेल. सगळ्यांच्या तोंडी ती ‘छोटा हत्ती’ आहे.

ही गाडी जन्माला आली ती तोट्यातून. २०००-०१ साली टेल्को, म्हणजे नंतरची टाटा मोटर्स, सुमारे पाचशे कोटींच्या तोट्यात गेली. मोठ्या ट्रकचा धंदा मंदीत आपटतो, तेव्हा दुसरं काहीतरी हवं, हे उघड झालं. मालवाहू रिक्षांचा बाजार मात्र बजाज आणि बारामतीत कारखाना असलेल्या पियाजिओच्या ताब्यात होता. व्यापारी वाहन विभागाचे प्रमुख रवी कांत यांनी ही जबाबदारी तरुण अभियंता गिरीश वाघ यांच्यावर टाकली आणि त्यांचा चमू आराखडा करण्याआधी रिक्षावाल्यांना आणि ट्रकचालकांना भेटत सुटला.

या भेटींतून हाती आलं ते मोलाचं होतं. जास्त माल, कमी देखभाल, वळणावर न कलंडणारी गाडी या मागण्या अपेक्षितच होत्या. पण एका तीनचाकीवाल्याने सांगितलं, की चार चाकांची गाडी असेल तर गावात मान मिळतो, लग्नाचं स्थळही चांगलं येतं. हे उत्तर छापील प्रश्नावलीच्या चौकटीत मावणारं नव्हतं. पर्यायांवर खुणा करून घेणाऱ्याला ते कधीच मिळालं नसतं. समोर बसून ऐकणाऱ्याला मिळालं.

आता किंमत तीनचाकीच्या जवळपास ठेवून चार चाकं द्यायची होती. कंपनीच्याच इंडिका कारचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन अर्धं करून दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं बनवलं. ताकद १६ अश्वशक्ती, वजन पेलायचं पाऊण टन. मे २००५ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास ती बाजारात आली आणि बारा वर्षांत वीस लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. लोकांनी ठेवलेलं नाव कंपनीने पुढे आपल्या जाहिरातींत आणि निवेदनांत आनंदाने वापरलं. हा शहाणपणाच होता.

त्याच कंपनीची नॅनो मात्र वेगळं सांगते. स्कूटरवर दाटीवाटीने बसून पावसात भिजणारं चौघांचं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं आणि त्यातून ही कल्पना सुचली. गरज खरी होती, अभियांत्रिकी अचाट होती. २००९ साली गाडी आली ती ‘सर्वांत स्वस्त कार’ हे बिरुद घेऊन. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कार घ्यायची, त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर स्वस्ताई मिरवायची नसते. छोट्या हत्तीच्या वेळी जो मान हेरला गेला, तोच इथे निसटला. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी उभारला होता. विक्री त्याच्या जवळपासही पोचली नाही. ‘स्वस्त’ हा शिक्का घातक ठरला, हे टाटांनी स्वतःही नंतर बोलून दाखवलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं.

विचारपूस भरपूर करूनही फसलेल्यांत अमेरिकेच्या फोर्ड कंपनीची ‘एडसेल’ अग्रगण्य. १९५५च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने दोन शहरांत सोळाशे लोकांच्या मुलाखती घेतल्या. नावासाठी रस्त्यावरच्या लोकांना थांबवून विचारलं, जाहिरात संस्थेने हजारोंची यादी दिली, कवयित्री मॅरिअ‍ॅन मूर यांनाही पत्र गेलं. त्यांनी सुचवलेल्यांपैकी एक नाव होतं ‘युटोपियन टर्टलटॉप’. शेवटी संचालकांनी सगळं बाजूला सारून हेन्री फोर्ड यांच्या मुलाचं नाव दिलं. लोकांनी पसंत केलेली कॉर्सेअर, सायटेशन, पेसर, रेंजर ही नावं वेगवेगळ्या मॉडेलांना वाटली गेली. १९५७च्या सप्टेंबरात आलेली गाडी दोनेक वर्षांतच बंद पडली. दोष एकट्या नावाचा नव्हता. मंदी होती, बांधणीत ढिलाई होती. तरीही लोकांना आधी विचारायचं आणि मग उत्तर डावलायचं, हा प्रकार न विचारण्यापेक्षा वाईट.

कोका-कोलाने १९८५ साली नवी चव बाजारात आणण्याआधी जवळजवळ दोन लाख लोकांना ती चाखायला दिली. बहुतेकांना ती जुन्यापेक्षा आवडली. पण जुनी बाटली कायमची गेली तर चालेल का, हे मात्र नीट जोखलं गेलं नाही. जुनं पेय बंद करून नवं आणताच संतापाची लाट उसळली आणि ७९ दिवसांत जुनं पेय परत आलं.

आपल्याकडे केलॉग्जने १९९४ साली तळोज्यात कारखाना काढला. गार दुधात कुरकुरीत राहणारे फ्लेक्स इथल्या घरातल्या ऊन दुधात लगदा होऊन बसले. सकाळी पोहे-उपम्याची गरम बशी लागणाऱ्या घरात चार दिवस राहिलेल्या कुणालाही हे दिसलं असतं. पुढे चॉकोजसारखे प्रकार आले आणि गाडी रुळावर आली.

नावाचं नशीब कधी कुणाच्याच हाती नसतं. टाटा मोटर्सने ‘झिप्पी कार’वरून आपल्या नव्या कारचं ‘झिका’ हे नाव ठरवलं आणि नेमक्या त्याच वेळी, २०१६च्या सुरुवातीला, झिका विषाणूने जगाला घाबरवलं. कंपनीने लोकांकडूनच सूचना मागवल्या, तीन नावं निवडली आणि फेब्रुवारीत ‘टियागो’ जाहीर केलं. तयार झालेली गाडी नव्या नावाने उभी करायला धैर्य लागतं. ते दाखवलं म्हणून ती गाडी टिकली.

या कहाण्या मोठ्या कंपन्यांच्या असल्या, तरी मसाले, लोणची, नाचणीची बिस्किटं करणाऱ्या आपल्या बचत गटांनाही त्या लागू आहेत. पाकिटं छापण्याआधी दहा अनोळखी घरांत माल द्यावा, तो कसा वापरतात ते पाहावं, नाव मोठ्याने वाचायला सांगावं. आणि ते नाव आधीच कुणी घेतलेलं नाही ना, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासावं. हा शोध मोफत घेता येतो.