वाढलेली जागा आणि जुनी सूची

ग्रंथालयांत नवीं कपाटें आणलीं, परंतु सूचींत त्यांची नोंद केली नाहीं, तर ग्रंथपाल जुन्याच कपाटांत पुस्तकें कोंबीत राहील. युनिक्स पद्धतीच्या संगणकांतहि असेंच घडतें.

लिनक्समध्यें ‘एलव्हीएक्स्टेंड’ या आज्ञेनें १० गिगाबाइटचा खंड २० चा करतां येतो. तरीहि ‘डीएफ’ ही आज्ञा जुनाच आंकडा दाखविते. कारण खंड म्हणजे केवळ जागा, आणि त्या जागेचा हिशेब ठेवणारी फाइलव्यवस्था निराळी. तिला वाढ कळविणें हा दुसरा टप्पा होय. ‘एक्स्ट४’ व्यवस्थेस ‘रिसाइझ२एफएस’ ही आज्ञा खंडाच्या नांवासह द्यावी. ‘एक्सएफएस’ असल्यास ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ ही, ती व्यवस्था जेथें जोडली असेल त्या जागेच्या नांवासह. हीं दोन्ही कामें संगणक न थांबवितां होतात.

जागा कमी करतांना मात्र क्रम उलटा. ‘एक्स्ट४’ प्रथम विलग करून, तपासून लहान करावी. मगच खंड आंखडावा. क्रम चुकल्यास खंडाच्या शेवटीं असलेली माहिती कापली जाते. ‘एक्सएफएस’ लहान करण्याची भरंवशाची सोय नाहीं. म्हणून वाढवितांना बेतानें वाढवावें, आणि कोणत्याहि फेरफारापूर्वीं माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी.